विरजणाची वाटी

बंगळूरातल्या राजाजीनगरच्या त्या गल्लीत कढीपत्त्याची झाडं घरोघर होती, पण सकवारबाईच्या दारातलं झाड जसं माजलं होतं तसं दुसरं एक नव्हतं. फांद्या पार माडीच्या खिडकीत शिरल्या होत्या. येणारेजाणारे विचारायचे, काय घालता अक्का याला? सकवारबाई सांगायची, ताक. लोकांना वाटायचं म्हातारी थट्टा करते. थट्टा कुठली. रोज तांब्याभर ताक त्या झाडाच्या मुळाशी जात होतं, कारण प्यायला दुसरं कुणी नव्हतं.

घरात तिच्याखेरीज माणसं तीन. मुलगा सूर्यकांत कारखान्यात फोरमन, सून अंजली बँकेत, नात भूमिका कॉलेजात. सकाळी साडेआठला फाटकाची कडी वाजली की संध्याकाळी सहापर्यंत घरात आवाज दोनच, एक फ्रिजचा आणि एक सकवारबाईच्या रवीचा. अंजली वाईट नव्हती. तिने एकदा मिक्सर पुढे ठेवून सांगितलं, आत्याबाई, यात दोन मिनिटांत ताक होतं.

"दोन मिनिटांत झालं तर उरलेल्या दिवसाचं काय करू, तेवढं सांगून जा," सकवारबाई म्हणाली. मिक्सर परत कपाटात गेला.

ताक करायचं म्हणजे कुणाला तरी द्यायचं, हे तिच्या हाडात बसलेलं. शेजारच्या कानडी बाईला तिने नेऊन दिलं. बाईने पहिल्यांदा हसून घेतलं, दुसऱ्यांदा हसून नको म्हटलं, तिसऱ्यांदा दार उघडायला मोलकरणीला पाठवलं. सकवारबाईला समजायचं ते समजलं. या गल्लीत प्रत्येकाच्या फ्रिजमध्ये प्रत्येकाचं दही होतं. कुणाला कुणाकडून काही नको होतं. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, नवऱ्याचं, विठोजींचं, वर्षश्राद्ध उरकून सूर्यकांतने तिला गावाहून आणलं तेव्हा सगळे म्हणाले, नशीब काढलंस. काढलं होतंच. फक्त काढलेलं नशीब ठेवायचं कुठे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

सकवारबाईचं गाव हेब्बाळच्या तळ्यापुढे तीन कोसांवर. शहाजीराजांच्या काळात आलेली मराठ्यांची पंधरावीस घरं, बाकी गाव कानडी. त्या गावात घराची ऐपत जमिनीवरून कुणी सांगत नसे, दागिन्यावरून तर नाहीच, कारण दागिना मागूनही घालता येतो. ऐपत कळायची ताकावरून. काही घरं ताक मागणारी, काहींना आपल्यापुरतं असायचं, आणि दोनचार घरं ताक देणारी. लग्नाची बोलणी करणारा पाहुणासुद्धा आधी हळूच हेच विचारून घ्यायचा.

मागणाऱ्या घरात सकवारबाई नांदायला आली. विठोजी दुसऱ्याच्या रानात राबायचे. छप्पर गवताचं, खाली मुद्दा, म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि तो घशाखाली उतरवायला ताक हवं. ते आणायचं व्यंकोजींच्या घरून, त्यांच्या बायकोकडून, म्हणजे अंबक्काकडून. व्यंकोजींची विहिरीखालची जमीन, गोठ्यात सहा जनावरं. सकाळी उन्हं अंगणात यायच्या आत मागच्या दाराने जायचं, भांडं पदराआड धरून. शहाणी माणसं म्हणतात, ताकाला जाऊन भांडं लपवू नये. असं म्हणणारे जन्मात कधी ताकाला गेलेले नसतात.

देणाऱ्याचेही नेम होते. भांड्याकडे बघायचं नाही. कालच नेलंस ना, असं म्हणायचं नाही. मागणारीला बस म्हणायचं नाही, तिला घरी कामं असतात. आणि सगळ्यात मोठा नेम म्हणजे ताक कुणाच्या दारी नेऊन द्यायचं नाही. मागून नेलं तर ते शेजारधर्माचं ताक. नेऊन दिलं की ती भीक, आणि भीक घेतलेलं घर पुन्हा गावात मान वर करत नाही.

अकरा वर्षं सकवारबाई त्या मागच्या दाराला गेली. दोघींचं बोलणं असं कधी झालं नाही. अंबक्का भांडं घ्यायची, दाराआड जायची, भरून आणून द्यायची. पण घरी येऊन ताक ओतलं की तळाशी लिंबाएवढा लोण्याचा गोळा निघायचा. पहिल्या दिवशी सकवारबाईला वाटलं, चुकून पडला. दुसऱ्या दिवशीही निघाला. अकरा वर्षं निघाला. लहानग्या सूर्यकांतची टाळू भरली ती त्याच लोण्याने. सकवारबाई त्याबद्दल कधी बोलली नाही, अंबक्काही बोलली नाही. बोलली असती तर दुसऱ्या दिवसापासून सकवारबाईने जायचं बंद केलं असतं, इतका ताठा तिच्यात त्या गवताच्या छपराखालीही होता.

मग एका साली अंबक्काच्या गाईला कालवड झाली, अगदी मरतुकडी. अंबक्का ताकाचं भांडं देता देता म्हणाली, विठोजीला पाठव, ही अर्धेलीने घेऊन जा. अर्धेली म्हणजे वासरू त्यांचं, वाढवायचं आपण. व्यायलं की पहिलं वासरू आपलं. विठोजींनी ती कालवड खांद्यावर घालून आणली, कारण तिला चालवत नव्हतं. सकवारबाईने तिला पेज पाजून, रात्री आपल्या वाकळेत घेऊन जगवली. तीन वर्षांनी ती व्याली, आणि त्या घराने पहिल्यांदा आपल्या दारच्या गाईचं दूध पाहिलं.

तिथून पुढचं सांगायला सोपं आहे, करायला वीस वर्षं लागली. एकीच्या दोन गाई झाल्या. आधी गोठ्यावर कौल पडलं, मग माणसांवर. विठोजी म्हणायचे, जी पोसते ती आधी कोरडी राहू दे. गावात डेअरी आली, सकाळ-संध्याकाळ दुधाचा कॅन जाऊ लागला. दूध दर पंधरवड्याला पैका आणतं हे कळल्यावर सूर्यकांतला शाळेतून काढायचा विचार मागे पडला. तो शिकला, शहरात आयटीआय केलं, कारखान्यात लागला, तिथेच चढत गेला.

आणि या सगळ्यात सकवारबाईला जो दिवस लख्ख आठवायचा तो ना कौलाचा, ना नोकरीचा. गावातल्या मल्लाप्पाची आई पहिल्यांदा तिच्या मागच्या दाराला येऊन उभी राहिली, पदराआड भांडं धरून, तो दिवस. सकवारबाईने भांड्याकडे बघितलं नाही. दाराआड जाऊन लिंबाएवढा लोण्याचा गोळा आत सोडला.

पण देणारं घर म्हणून तिला चारच वर्षं मिळाली. डेअरी जोरात आली तसं गावात ताक करायला दूधच उरेना. ज्याच्या गोठ्यात जनावर तो दूध घालून चहा प्यायला लागला आणि नाचणीबरोबर आमटी आली. ताक मागणारं घर उरलं नाही, देणारंही उरलं नाही. चांगलंच झालं म्हणायचं. सकवारबाई तसं म्हणायचीही.

त्याच सुमाराला व्यंकोजींच्या पायांना सूज आली. दोन वर्षं बंगळूरच्या दवाखान्याच्या वाऱ्या झाल्या. आधी दोन गाई गेल्या, मग उरलेल्या, मग विहिरीखालची जमीन, शेवटी व्यंकोजी. घर वर चढतं ते एकेक पायरीने, माणसाचं आयुष्य खाऊन. खाली येतं ते जिना सोडून उडी मारल्यासारखं. अंबक्काच्या परसात चूल पेटल्याचा धूर एका वेळेलाच दिसू लागला तेव्हा सकवारबाईने डेअरीच्या कॅनमधून दोन शेर दूध रोज बाजूला काढलं. विरजलं, घुसळलं, तळाशी लोणी सोडलं, आणि महिनाभर मागचं दार उघडं ठेवून बसली. नेम म्हणजे नेम. मागायला येईल, मग देऊ.

अंबक्का आली नाही. एके सकाळी बैलगाडीत दोन ट्रंका आणि मुलगा गुंडू घेऊन ती गाव सोडून गेली, सकवारबाईच्या दारावरून. सकवारबाई ताकाचं भांडं हातात घेऊन दाराआड उभी होती. तिने हाक मारली नाही.

ही गोष्ट तिने सूर्यकांतला सांगितली नव्हती, विठोजींनाही नाही.

शहाण्णवच्या फाल्गुनात गावाहून मल्लाप्पा नाचणीचं पीठ घेऊन आला. सकवारबाईच्या गाई आता त्याच्याकडे अर्धेलीने होत्या, म्हणून महिन्याकाठी येऊन तो जनावरांची खबर द्यायचा. चहा पिताना सहज बोलून गेला की गुंडू भेटला होता, रेल्वे रुळापलीकडच्या चाळीत असतो, कुठल्याशा गोदामावर पहारेकरी आहे. म्हातारी अजून आहे, उदबत्त्या वळते. इथून किती लांब, सकवारबाईने विचारलं. स्वल्पच की अक्का, ऑटोने दहा मिनिटं.

सकवारबाईच्या हातातला कप तसाच राहिला. दोन वर्षं ती या घरात ताक झाडाला घालत होती, आणि अंबक्का दहा मिनिटांवर होती.

त्या रात्री जेवताना तिने सूर्यकांतला सांगितलं की अंबक्काला इथे येऊन राहू दे म्हण, माडीवरची खोली रिकामीच आहे. सूर्यकांतला अंबक्का धड आठवेनाही. तो म्हणाला, आई, उगाच कुणाच्या संसारात कशाला. सकवारबाईने त्याच्या टाळूकडे बघितलं. तिथले केस आता विरळ झाले होते.

पण यावेळी वाट बघत बसायचं नाही, हे तिने ठरवलं. त्या वेळी नेम पाळला आणि माणूस गमावलं. आता नेम गेला खड्ड्यात. सकाळी माणसं बाहेर पडल्यावर तिने मन लावून ताक घुसळलं, जिरं वाटून घातलं, तळाशी लोण्याचा भला मोठा गोळा सोडला. स्टीलचा कडीचा डबा भरला. काठाचं लुगडं नेसली, पाटल्या घातल्या. सून बँकेत जाताना नेसते तसं चापूनचोपून नेसायला तिला तासभर लागला. ऑटोत बसली आणि ऑटोवाल्याला डबा हिंदकळेल म्हणून तीनदा दटावलं.

चाळ म्हणजे पत्र्याखालच्या खोल्यांची एक ओळ. शेवटच्या खोलीच्या उंबऱ्यात अंबक्का पाट मांडून उदबत्त्या वळत होती. हात मनगटापर्यंत काळे. पाठीला बाक आला होता, पण मान तशीच, देणाऱ्या घरची. तिने वर बघितलं, आधी डबा पाहिला, मग पाटल्या, मग तोंड.

"सकवार," ती म्हणाली. "ये. बस."

बस म्हणतात ते पाहुणीला, तिथेच सकवारबाईला कळायला हवं होतं. पण ती आनंदाने बसली, आणि बसली ती बोलतच सुटली. सूर्यकांतची बढती सांगितली, भूमिकेचं कॉलेज सांगितलं, माडीवरची खोली कशी रिकामी आहे ते सांगितलं. अंबक्का ऐकत होती आणि बोटांखाली काडी फिरवत होती. गुंडूचं बरं चाललंय, एवढंच ती म्हणाली. शेवटी सकवारबाईने डबा पुढे केला.

"घरचं ताक आहे अक्का. तळाशी लोणी सोडलंय."

अंबक्काच्या बोटांखालची काडी थांबली. अकरा वर्षांत जी गोष्ट एकदाही तोंडातून निघाली नव्हती ती सकवारबाईने चाळीतल्या चार बायका ऐकतील अशी बोलून टाकली होती.

अंबक्का उठली. हात धुतले, ताक आपल्या पातेल्यात ओतलं, डबा विसळला, पुसून कोरडा केला. भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून त्यात उदबत्तीचा एक पुडा ठेवला. झाकण लावलं, कडी अडकवली, आणि डबा सकवारबाईच्या मांडीवर ठेवला.

"अकरा वर्षं तू माझ्या दारी आलीस," ती शांतपणे म्हणाली. "मी एकदा तरी ताक घेऊन तुझ्या दारी आले होते का गं?"

सकवारबाई डब्याची कडी चाचपत राहिली.

"तुमचं घर गावात कुठे होतं तेवढंच मला ठाऊक होतं असं नाही," अंबक्का म्हणाली. "आत्ताचंही ठाऊक आहे. वळलेला माल द्यायला दर सोमवारी तुझ्याच गल्लीतून जाते. कढीपत्ता छान आलाय."

परत येताना ऑटो कितीही हिंदकळला तरी सकवारबाईने ऑटोवाल्याला काही म्हटलं नाही. डब्यात पुडा इकडून तिकडे वाजत होता.

सोमवारी ती फाटकापाशी उभी राहिली. अकराच्या सुमाराला अंबक्का आली, डोक्यावर पाटी, गल्लीच्या पलीकडच्या कडेने. तिने मान वळवली नाही. सकवारबाईने हाक मारली नाही. पुढच्या सोमवारीही तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. एका सोमवारी सकवारबाईने ताकाचा तांब्या फाटकाच्या खांबावर ठेवून पाहिला, सहज ठेवल्यासारखा. अंबक्का गेली. तांब्यात एक मुंगळा पडला.

घरी कुणाला काही कळलं नाही. अंजलीने एकदा विचारलं, आत्याबाई, जेवण कमी झालंय का? सकवारबाई म्हणाली, ऊन वाढलंय. ऊन वाढलं होतंच.

चैत्र संपता संपता एका रविवारी अंजलीने फ्रिज साफ केला आणि तळाशी राहिलेली दह्याची वाटी आंबट झाली म्हणून टाकून दिली. सोमवारी सकवारबाईने बघितलं तर घरात विरजण नाही. दुकानातलं दही आणून लावलं, त्याला तार सुटली. शेंबडासारखं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. पाकिटाच्या दुधाला आणि दुकानाच्या विरजणाला तिने बंगळूरच्या सगळ्या भाषांत शिव्या घातल्या. मग रिकामी वाटी हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिली आणि तिच्या ध्यानात आलं की कितीतरी वर्षांनी तिला कशाची तरी गरज पडली आहे.

गुरुवारी ती निघाली. साधं घरचं लुगडं, पाटल्या काढून ठेवलेल्या. ऑटो केला नाही. मागायला जाणारी बाई गाडीतून जात नाही. रूळ ओलांडून चाळीपर्यंत तिला पाऊण तास लागला. वाटी पदराआड होती. त्या खोलीला मागचं दार नव्हतं, पुढचंच एक. म्हणून ती समोर न जाता भिंतीच्या कडेला, दाराच्या बाजूला उभी राहिली, पासष्ट वर्षांची बाई, दोन मजली घराची मालकीण, नव्या सुनेसारखी.

अंबक्काने पाटावरून मान वर केली.

"अक्का, विरजण होतं का थोडं?"

अंबक्काने वाटीकडे बघितलं नाही. उठली, हात धुतले, पदराआडून पुढे आलेली वाटी घेतली आणि आत गेली. बस म्हणाली नाही. सूर्यकांत कसा आहे विचारलं नाही. मडक्यावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने काळी पडलेली बोटं दाराआडून वाटी देऊन मागे गेली.

सकवारबाईने वाटी पदराखाली घेतली आणि घरी आली. तोवर तिने आत बघितलं नव्हतं. विरजणाला चमचाभर दही पुरतं. वाटी काठोकाठ भरली होती, आणि वर सायीचा जाड थर होता, त्या घरातल्या सगळ्या दुधाचा असावा इतका.

ते दही काय लागलं म्हणता. सुरीने कापावं असं. भूमिकेने दोनदा मागून घेतलं आणि विचारलं, आज्जी, कुठल्या दुकानातलं? सकवारबाई म्हणाली, आहे एक.

अंबक्का त्या घरी ताकाला कधी आली नाही. सोमवारी गल्लीच्या पलीकडच्या कडेने जायची, मान वळवायची नाही. पण दर बुधवारी संध्याकाळी घरातली माणसं टीव्हीपुढे बसली की सकवारबाई फ्रिजमधलं उरलेलं दही काढायची, चांगलं, गोड, आदल्याच दिवशी लागलेलं. ते नेऊन कढीपत्त्याच्या मुळाशी ओतायची. मग पातेलं घासायची, बोटाने कडा तपासायची, विरजणापुरतंही कुठे चिकटून राहिलेलं नाही ना, हे बघायची.

आठ दिवसांत कुणाचं विरजण सरत नाही, हे अंबक्काला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. पण मागणारीला विचारायचं नसतं.

झाड फार वाढलं, छाटायला हवं, असं सूर्यकांत म्हणायला लागला होता. सकवारबाई म्हणाली, असू दे. आणि गुरुवारी सकाळी फाटकाची कडी वाजून माणसं गेली की ती पाटल्या काढून ठेवायची, वाटी धुवायची, पदराआड धरायची, आणि रुळाच्या दिशेने चालू लागायची.